प्रथिनाची घडी आणि बोंडअळीचे आतडे

विळा आणि खुरपे एकाच लोखंडाचे करता येते. वजन तेच, धातू तोच. परंतु विळ्याचा बाक काढून तो सरळ ठोकला, तर त्याने कडबा कापता येत नाही. लोखंड नाहीसे झालेले नसते, फक्त त्याचा आकार गेलेला असतो, आणि आकाराबरोबर कामही गेलेले असते. सजीवांच्या शरीरात जी प्रथिने असतात त्यांचीही गोष्ट अशीच आहे. प्रथिन कोणत्या द्रव्याचे बनले आहे याइतकेच ते कोणत्या आकारात घडी होऊन बसले आहे याला महत्त्व असते.

हा विषय वरवर पाहता प्रयोगशाळेचा वाटेल. परंतु जुना जालना व त्याच्या भोवतालच्या काळ्या रानात कपाशी करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बीटी कपाशीतील गुण हा एका घडीदार प्रथिनाचा गुण आहे. ते प्रथिन अळीच्या आतड्यात जाऊन काम करते. आणि गुलाबी बोंडअळीवर त्याचे काम का चालेनासे झाले, याचे उत्तरही आकारातच सापडते. हे एकदा नीट समजले म्हणजे आश्रयपट्टा, वेळेवर पीक काढणे, कामगंध सापळे या शिफारशी केवळ सरकारी आज्ञा वाटत नाहीत. त्यांमागील कारण डोळ्यांपुढे उभे राहते.

प्रथिनाची घडी म्हणजे काय

प्रथिन ही अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. निसर्गात सर्वसाधारणपणे २० प्रकारची अमिनो आम्ले या कामी वापरली जातात. माळेत वेगवेगळ्या रंगांचे मणी ओवावेत त्याप्रमाणे ती एका विशिष्ट क्रमाने ओवलेली असतात. परंतु माळ जशी सैल लोंबते तशी ही साखळी राहत नाही. काही मणी पाण्यापासून दूर पळतात व आत दडतात, काही पाण्याकडे तोंड करून बाहेर राहतात, काही एकमेकांस ओढतात. त्यामुळे साखळी कोठे दोरीसारखी पीळ घेते, कोठे पट्ट्यासारखी पसरते, आणि शेवटी सगळी गोळा होऊन एक ठरावीक आकार घेते. यालाच प्रथिनाची घडी म्हणतात.

ही घडी मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ क्रिश्चन अनफिन्सन यांनी दाखवून दिले. त्यांनी गुरांच्या स्वादुपिंडातील रायबोन्युक्लिएज नावाचे, १२४ अमिनो आम्लांचे विकर घेतले. तीव्र युरियाच्या द्रावणात, साखळीतील गंधकाचे टाके उसवणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्यासह ते ठेवले, तेव्हा घडी उलगडली व विकराचे काम बंद पडले. युरिया व ते द्रव्य काढून टाकल्यावर, हवेच्या सान्निध्यात साखळी आपोआप पूर्वीसारखी घडी होऊन बसली, आणि काम पुन्हा सुरू झाले. शेतकऱ्याच्या परिचयाच्या युरियानेच हे रहस्य उघड झाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या कार्याबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रथिनाच्या साखळीस कोणकोणत्या दिशांनी वळता येते याचा नकाशा मात्र त्यापूर्वीच, १९६३ साली, मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला होता. आजही जगभर तो रामचंद्रन यांच्याच नावाने ओळखला जातो.

प्रत्येक वेळी घडी परत येते असे मात्र नाही. अंडे उकडले म्हणजे त्यातील पांढऱ्या बलकाची प्रथिने उलगडतात व एकमेकांत गुंततात. अंडे थंड केले तरी बलक पुन्हा पातळ होत नाही.

आतड्यातील निरोप्ये

अन्न जठरातून आतड्यात उतरले की आतड्याच्या भिंतीतून काही द्रव्ये रक्तात सोडली जातात. ती स्वादुपिंडास पाचकरस सोडण्याचा, पित्ताशयास आकुंचन पावण्याचा निरोप पोहोचवितात. यांना संप्रेरके म्हणतात. संप्रेरकाचा पहिला शोध आतड्यातच लागला. १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी सिक्रीटिन हे द्रव्य ओळखले. त्याची साखळी अवघ्या २७ अमिनो आम्लांची आहे.

असा निरोप रक्तातून सर्व शरीरभर फिरतो, तरी तो ठरावीक पेशींनाच ऐकू जातो. याचे कारण असे की, त्या पेशींच्या पृष्ठभागावर त्या संप्रेरकाच्या आकाराशी जुळणारी प्रथिने असतात. त्यांस ग्राही असे नाव आहे. संप्रेरक ही किल्ली मानली तर ग्राही हे कुलूप होय. टर्की पक्ष्याच्या स्वादुपिंडातील ३६ अमिनो आम्लांच्या एका लहान संप्रेरकाची घडी १९८१ साली पूर्णपणे पाहता आली. त्याची साखळी केसाच्या पिनेसारखी मधोमध वळून स्वतःवरच दुमडलेली आहे, आणि तिचे शेपटाकडील टोक ग्राहीला चिकटण्यासाठी मोकळे राहते. ते टोक बिघडले तर बाकीची साखळी शाबूत असूनही निरोप पोहोचत नाही.

जालना जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांस याचे एक उदाहरण घरबसल्या पाहावयास मिळते. कच्च्या सोयाबीनमध्ये अशी प्रथिने असतात की जी प्राण्याच्या पाचक विकरास नेमकी जाऊन बसतात व त्याचे काम अडवितात. कोंबडीच्या पिलांस कच्चे सोयाबीन खाऊ घातले तर अन्नातील प्रथिने नीट पचत नाहीत. आतड्यातील संप्रेरक स्वादुपिंडास अधिक रस सोडण्याचा निरोप वारंवार देत राहते, स्वादुपिंड वाढते, आणि पिलांची वाढ मात्र खुंटते. तेच सोयाबीन योग्य प्रकारे भाजले अथवा शिजवले की त्या अडविणाऱ्या प्रथिनांची घडी बहुतांशी मोडते आणि दाणा उत्तम खाद्य ठरतो. द्रव्य तेच राहते, आकार गेल्यामुळे अपाय जातो.

जालना आणि बीटी कपाशी

कपाशीच्या संदर्भात आतडे म्हणजे अळीचे आतडे. मातीत आढळणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू आहे; त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून बीटी हा शब्द रूढ झाला. जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ साली तो रोगट रेशीमकिड्यांत आढळला. जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांनी पिठातील पतंगाच्या अळीत त्याचा अभ्यास करून १९१५ साली त्यास हे नाव दिले. हा जिवाणू बीजाणू तयार करताना आपल्या पोटात प्रथिनाचा एक स्फटिकही तयार करतो, आणि अळीस मारण्याची शक्ती मुख्यतः या स्फटिकात असते, हे १९५० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले.

हे प्रथिन तयार करण्याची आज्ञा देणारे जनुक कपाशीच्या झाडात घालून झाडानेच ते प्रथिन तयार करावे, अशी युक्ती पुढे अमेरिकेत सिद्ध झाली. भारतात ते वाण आणण्याच्या कामात जालन्याचा वाटा मोठा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे स्थापन केलेल्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, म्हणजेच महिकोने, ते जनुक भारतीय संकरित वाणांत उतरविले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दि. २६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने एमईसीएच-१२, एमईसीएच-१६२ व एमईसीएच-१८४ या तीन बीटी संकरित वाणांस लागवडीची परवानगी दिली. त्यांत क्राय१एसी हे एकच बीटी प्रथिन होते. २००६ साली दोन प्रथिने असलेल्या, म्हणजे क्राय१एसी व क्राय२एबी या दोन्हींनी युक्त अशा वाणांस परवानगी मिळाली. बोलगार्ड-२ म्हणून शेतकरी ज्यांस ओळखतात ते हेच.

अळीच्या आतड्यात काय घडते

अळीने बीटी कपाशीचे पान अथवा पाते खाल्ले की प्रथिन तिच्या मध्यांत्रात पोहोचते. तेथपासून मृत्यूपर्यंतच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली पायरी अशी की, पतंगवर्गीय अळीचे मध्यांत्र मनुष्याच्या जठराप्रमाणे आम्लधर्मी नसते, तर तीव्र क्षारधर्मी असते. जिवाणूचा स्फटिक अशा क्षारधर्मी रसातच विरघळतो.

दुसरी पायरी अशी की, क्राय१एसीची मूळ साखळी सुमारे १,१७८ अमिनो आम्लांची, म्हणजे बरीच लांब असते. या स्थितीत ती निष्क्रिय असते. अळीची स्वतःचीच पाचक विकरे तिचा जवळजवळ अर्धा भाग तोडून टाकतात. उरलेला गाभा मात्र अशा घट्ट घडीचा असतो की तो सहज पचत नाही. हाच सक्रिय गाभा होय.

तिसरी पायरी आकाराची आहे. या जातीच्या प्रथिनांचा पूर्ण आकार प्रथम १९९१ साली केंब्रिज येथील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडला. सक्रिय गाभ्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात सात पीळदार दांडे असून मधल्या एका दांड्याभोवती बाकीचे सहा उभे असतात, जणू कडब्याची पेंढीच. दुसरा भाग तीन पट्ट्यांचा असून त्याच्या टोकास काही वळसे असतात. हे वळसे आतड्याच्या भिंतीवरील ग्राहीला जाऊन चिकटतात. तिसरा भाग एकमेकांवर ठेवलेल्या दोन पट्ट्यांचा असतो. तो घडीस स्थैर्य देतो व चिकटण्यास साहाय्य करतो.

चौथी पायरी अशी की, दुसऱ्या भागातील वळसे अळीच्या आतड्यातील कॅढेरिन नावाच्या ग्राहीत बसतात. बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य असलेल्या मतानुसार, असे बसल्यानंतर पहिल्या भागातील पहिला दांडा तुटून पडतो आणि अशा अनेक प्रथिनांचे झुबके एकत्र येतात. ते झुबके आतड्याच्या पेशींच्या आवरणात शिरून तेथे छिद्रे पाडतात. छिद्रांतून पाणी आत शिरून पेशी फुगतात व फुटतात. अळी खाणे बंद करते आणि काही दिवसांत मरते.

या क्रमातील एक जरी दुवा निसटला तरी प्रथिन निरुपयोगी ठरते. मनुष्याच्या व गुरांच्या आतड्यात या प्रथिनास जुळणारी कुलपे आढळलेली नाहीत, आणि जठरातील आम्लरसात ते लवकर पचते. मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींवरही बीटी कपाशीतील ही प्रथिने काम करीत नाहीत. म्हणून बीटी बियाणे पेरले तरी रसशोषक किडींची पाहणी सोडता येत नाही.

कुलूप बदलले तेव्हा

गुलाबी बोंडअळी ही या भूमीची जुनी रहिवासी आहे. सॉन्डर्स यांनी १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले ते भारतातील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरूनच. मादी पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी लवकरच आत शिरते, आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते व आत सरकी पोखरली जात असते. एकदा आत गेलेल्या अळीवर फवाऱ्याचा उपाय चालत नाही.

बीटी कपाशी आल्यावर प्रारंभी ही अळी जवळजवळ दिसेनाशी झाली. परंतु २०१० साली गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत तिने क्राय१एसीस दाद न देण्याची शक्ती मिळविल्याचे जाहीर झाले. पुढे दोन प्रथिनांच्या वाणांवरही ती जगू लागली. २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भातील कपाशीचे तिने अतोनात नुकसान केले.

बियाण्यातील प्रथिनाचा आकार बदललेला नव्हता. बदलले होते ते अळीच्या आतड्यातील कुलूप. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांची तपासणी केली असता त्यांच्या कॅढेरिनच्या जनुकात अनेक प्रकारचे बिघाड आढळले; हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. बिघडलेल्या जनुकापासून तयार होणारे कॅढेरिन अपुरे वा वेडेवाकडे असते. त्यामुळे क्राय१एसीची किल्ली त्यात बसत नाही. क्राय२एबीचे कुलूप वेगळे आहे, आणि म्हणूनच दुसरे प्रथिन जोडण्यात आले होते. परंतु कालांतराने त्याच्याशी संबंधित अशा आतड्यातील दुसऱ्या एका प्रथिनातही बिघाड झालेल्या अळ्या सापडल्या.

आकाराचे हे तत्त्व किती खरे आहे हे मेक्सिको व अमेरिका येथील शास्त्रज्ञांच्या २००७ सालच्या एका प्रयोगाने दाखविले. त्यांनी बीटी प्रथिनातील तो पहिला दांडा आधीच काढून टाकला. अशा प्रथिनाचे झुबके कॅढेरिनच्या मदतीवाचून बनू लागले, आणि प्रयोगशाळेतील ज्या गुलाबी बोंडअळ्या मूळ प्रथिनास दाद देत नव्हत्या त्याही मेल्या. साखळीच्या एका टोकाचा लहानसा तुकडा काढल्याने एवढा फरक पडला.

आश्रयपट्ट्याचे खरे कारण

प्रत्येक अळीत कॅढेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून व एक बापाकडून आलेली. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच चांगले कुलूप मुळीच बनत नाही व अळी बीटी कपाशीवर जगते. एक प्रत चांगली असेल तर तीपासून पुरेशी चांगली कुलपे बनतात, किल्ली बसते आणि अळी मरते. अर्ध्या संख्येतील कुलपेही अळीच्या नाशास पुरतात, ही यातील मर्माची गोष्ट होय.

आता समजा, एखाद्या गावात सर्वत्र बीटी कपाशीच आहे. तेथे जगून पतंग होणाऱ्या अळ्या बहुतांशी दोन्ही प्रती बिघडलेल्याच असणार. त्यांचा आपसांत संयोग होऊन पुढची पिढीही तशीच निपजणार. परंतु जवळच काही ओळी साध्या कपाशीच्या असतील, तर तेथे चांगल्या प्रती असलेले पुष्कळ पतंग तयार होतात. बिघडलेल्या पतंगांचा संयोग त्यांच्याशी होतो, आणि जन्मणाऱ्या अळीत एक प्रत चांगली येते. अशी अळी बीटी झाडावर मरते. आश्रयपट्टा म्हणजे अळीस दिलेले दान नव्हे. बीटीची किल्ली ज्या कुलपात बसते ते कुलूप गावात टिकवून ठेवण्याचा तो उपाय आहे.

पूर्वी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे, आणि भोवती पाच ओळी अथवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढी साधी कपाशी लावण्याचा नियम होता. अनेक ठिकाणी ती पुडी बांधावरच पडून राहिली. पुढे साधे बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ती याच कारणाने.

घाटेअळी कपाशीखेरीज तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगते. ही पिके तिच्यासाठी नैसर्गिक आश्रयपट्ट्याचे काम करतात. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच अवलंबून असते. बीटी प्रथिनाविरुद्ध घाटेअळीपेक्षा तिने लवकर डोके वर काढले, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

दुसरे कारण आपल्या संकरित बियाण्यात आहे. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे बोंडातील सरकीत, मेंडेलच्या नियमानुसार, चारांपैकी एका बीत क्राय१एसीचे जनुक येत नाही. बोंडात शिरलेल्या अळीस काही बिया विषारी व काही बिनविषारी मिळतात. मात्रा अपुरी पडते, आणि अर्धवट प्रतिकारक अळीही निभावून जाते. शिवाय झाडाचे वय वाढते तसे क्राय१एसीचे प्रमाण घटत जाते. सुमारे ११० दिवसांनंतर ते बरेच खाली येते. फरदड ठेवण्यात धोका आहे तो येथे. हंगाम लांबवून शेतकरी अळीपुढे जुनी बोंडे व अपुरी मात्रा दोन्ही एकाच वेळी ठेवतो.

शेतात करावयाच्या गोष्टी

१. हंगामपूर्व, मे महिन्यातील लागवड टाळावी. सुप्तावस्थेतून निघणाऱ्या पतंगांस अंडी घालण्यास पाते मिळाली नाहीत तर ती पिढी वाया जाते. शक्य तो गावाने एकाच सुमारास पेरणी करावी व लवकर येणारे वाण निवडावे.

२. पाकिटातील साधे बियाणे काढून टाकू नये. वेगळी पुडी असल्यास ती अवश्य लावावी.

३. पाते लागण्याच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात दररोज आठ पतंग याप्रमाणे सलग तीन दिवस सापडल्यास उपायाची वेळ आली असे समजावे.

४. फुलोऱ्यात डोमकळ्या, म्हणजे गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या फुलांचा शोध घ्यावा. त्या तोडून आतील अळीसह नष्ट कराव्यात.

५. बोंडे धरल्यावर दर आठवड्यास वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी अथवा तिचा उपद्रव आढळला तर ते दहा टक्के होतात, आणि फवारणीचा विचार करावा लागतो.

६. प्रारंभी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पुढे गरज पडल्यास शिफारस केलेले एकच कीटकनाशक, सांगितलेल्या मात्रेत वापरावे. निरनिराळी औषधे एकत्र मिसळू नयेत.

७. डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. शक्य तर बारीक करून जमिनीत गाडाव्यात अथवा त्यांचे खत करावे. शेवटच्या वेचणीतील किडकी बोंडे शेतात सोडू नयेत. जिनिंगच्या आवारातही सापळे लावणे हिताचे असते.

बीटी प्रथिन काम करीत नाही असे दिसताच घाबरून औषधावर औषध फवारणे हा उपाय नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत जे औषध पोहोचतच नाही, त्यासाठी फवारणाऱ्या माणसाचा प्राण धोक्यात घालणे अत्यंत अनुचित होय. फवारणी करावीच लागली तर हातमोजे, तोंडावर आच्छादन व अंगभर कपडे घालून, वाऱ्याच्या दिशेने करावी.

बीटी भुकटी फवारताना

हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी अथवा भाजीपाल्यासाठी बीटी जिवाणूची भुकटी बाजारात मिळते. तिचा उपयोगही प्रथिनाच्या घडीवरच अवलंबून असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते प्रथिन लवकर बिघडते, म्हणून फवारणी सायंकाळी करावी. चुन्यासारख्या तीव्र क्षारधर्मी द्रव्यांत अथवा बोर्डो मिश्रणात ती मिसळू नये. जो स्फटिक अळीच्या आतड्यात विरघळावयाचा तो पंपातच विरघळून जाईल. भुकटी थंड व कोरड्या जागी ठेवावी. अळ्या लहान असतानाच फवारावी, आणि पानांच्या दोन्ही बाजूंस लागेल अशी फवारावी. कारण अळीने ती खाल्ल्याशिवाय काहीच घडत नाही.

ग्रामसेवकांसाठी प्रात्यक्षिक

गावातील बैठकीत पुढील प्रात्यक्षिक सहज करता येईल. एका अंड्याचा पांढरा बलक दोन वाट्यांत निम्मा-निम्मा घ्यावा. एक वाटी तशीच ठेवावी व दुसरी उकळत्या पाण्यात धरावी. दुसऱ्या वाटीतील बलक पांढरा व घट्ट होईल. ती वाटी थंड करून दाखवावी. बलक पुन्हा पातळ होत नाही हे सर्वांच्या ध्यानात येईल. प्रथिन नाहीसे झाले नाही, त्याची घडी गेली, हे येथे सांगावे. त्यानंतर एक कुलूप व दोन किल्ल्या दाखवाव्यात, एक जुळणारी व एक न जुळणारी. शेवटी शेतातून आणलेली २० बोंडे सर्वांसमक्ष फोडून अळ्या मोजाव्यात. ज्या शेतकऱ्याच्या शेतातील बोंडे असतील त्याने स्वतःच्या हाताने मोजल्यास त्याचा परिणाम अधिक चांगला होतो. जालना जिल्ह्यात खरपुडी व बदनापूर येथील कृषि विज्ञान केंद्रांत याविषयी मार्गदर्शन मिळू शकेल.

समारोप

बीटी कपाशीने शेतकऱ्याच्या हाती एक किल्ली दिली. किल्ली अद्याप तीच आहे; तिला उघडता येणारी कुलपे कमी झाली आहेत. नवी किल्ली कधी येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा, साधी कपाशी, वेळेवरची पेरणी व वेळेवरची उलंगवाडी यांच्या साहाय्याने चांगली कुलपे टिकवून ठेवणे हे प्रत्येक गावाच्या हातात आहे. ते काम एका शेतापुरते करून भागत नाही. पतंग बांध ओळखत नाही. म्हणून सर्व शिवाराने मिळून ते केले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कच्चे सोयाबीन व भाजलेले सोयाबीन यांतील फरक प्रथिनाच्या घडीच्या आधारे सांगा.

२. बीटी कपाशीवर पांढरी माशी का मरत नाही?

३. एक प्रत चांगली व एक बिघडलेली असलेली अळी बीटी झाडावर का मरते? यावरून आश्रयपट्ट्याचे महत्त्व स्पष्ट करा.

४. आपल्या गावात गेल्या हंगामात फरदड किती शेतांत ठेवली गेली, याची नोंद करा व पुढील हंगामातील बोंडअळीच्या पाहणीशी ती ताडून पाहा.